बर्फाच्या गाडीवरून नगरपरिषदेत

“यमे, आज मला बंदरावर ने,” द्वारकाकाकी म्हणाल्या.

मी त्यांच्या पाठीला पावडर लावत होते. कुशीवर वळवलेलं माणूस भिंतीशी बोलल्यासारखं बोलतं, त्यामुळे मला वाटलं, आपलं काहीतरी चुकीचं ऐकलं गेलं.

“कुठे?”

“बंदरावर गो. नवा धक्का बांधलाय म्हणतात. तीन वर्षं झाली, मी नुसता लाँचचा भोंगा ऐकतेय. भोंगा ऐकून काय कळतं? वाजतो आणि गप होतो.”

“काकी, पेशंटला घराबाहेर न्यायचं नाही असा नियम आहे आमचा.”

“कुणाचा नियम?”

“योजनेचा.”

“आणि योजना आज संध्याकाळी बंद होणार ना? मग नियम मोडलास तर ओरडायला उरणार कोण?”

त्यांना उताणं केलं तर त्या माझ्याकडे बघून हसत होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, खुब्याचं हाड मोडून तीन वर्षं माडीवर पडलेली, आणि डोळे असे की आत्ताच कुणाची तरी खोडी काढून आल्यात.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीतली. कासवली नगरपरिषदेने ‘घरसेवा’ नावाची योजना सहा महिन्यांच्या बोलीवर सुरू केली होती. ज्यांना अंथरुणातून उठता येत नाही त्यांच्या घरी जाऊन त्यांची आंघोळ, जखमा, कूस बदलणं, औषधं असं सगळं बघायचं. आम्ही तिघी होतो. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर ब्रिजिदा परेरा आमच्या मुख्य. मेहरुन्निसा मुकादम आणि मी यमुना तांडेल, अशा दोघी हाताखाली. त्याआधी मी कोळंबी सोलायच्या शेडमध्ये होते. दहावी पास असूनही बोटांची सालं निघालेली, अंगाचा वास जात नसे. सिस्टरनी मला तीन महिने शिकवलं आणि हिरव्या काठाची पांढरी साडी दिली. ती नेसून मी पहिल्यांदा रस्त्याने निघाले तेव्हा उगीचच दोन गल्ल्या जास्त फिरले होते.

आणि आज चार वाजता योजना ठेवायची की गुंडाळायची ते सभेत ठरणार होतं. तसं ते ठरल्यातच जमा होतं. सतरा मेंबर; आठ आमच्या बाजूने, नऊ विरोधात. आणि त्या नवांचे पुढारी होते प्रभाकरशेठ खातू, लाकडाच्या वखारीचे मालक. द्वारकाकाकींचे एकुलते एक चिरंजीव.

त्यांची आई आमची पेशंट आहे हे प्रभाकरशेठना ठाऊक नव्हतं. योजना सुरू झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात त्यांची बायको नलिनीवहिनी डोक्यावरून पदर घेऊन सिस्टरकडे आल्या होत्या. सासूच्या पाठीला तळहाताएवढी जखम झाली होती आणि वहिनींना ती बघूनच भोवळ यायची. तेव्हापासून शेठ वखारीत गेले की आम्ही जात असू. जखम भरून आली. शेठना वाटलं, पनवेलहून आणलेल्या तेलाचा गुण आला. ते चार लोकांना त्या तेलाचं नावही सांगत असत.

“बरं, मला सांग,” काकी म्हणाल्या, “विरोधात कोण कोण आहेत?”

मी नावं सांगितली. त्यांनी पुन्हा एकदा सांगायला लावली. बिचाऱ्यांच्या लक्षात राहत नसेल म्हणून मी दुसऱ्यांदा सावकाश, एकेका बोटावर मोजून सांगितली.

तेवढ्यात मेहरुन पाणी घेऊन वर आली. मी तिला म्हटलं, “बघ, काकी काय म्हणतात. बंदरावर जायचंय.”

मला वाटलं ती माझी बाजू घेईल. तिने बादली खाली ठेवली आणि म्हणाली, “माझ्या मामूची बर्फाची हातगाडी दुपारची मोकळी असते.”

“मेहरुन!”

“अगो, उद्यापासून तू परत कोळंबी सोलणार आणि मी परत घरी बसणार. आज एक दिवस तरी मजा करून घेऊ.”

ती असं म्हणाली आणि मला हसायलाच आलं. मेलेल्याला आणखी काय मरण? असं काहीतरी वाटून माझे हात हलके झाले. आम्ही नलिनीवहिनींना हाक मारली. त्या तोंडावर हात ठेवून ऐकत राहिल्या. मला वाटलं आता रडणार. पण त्यांनी हात काढला तर त्या हसत होत्या.

“जांभळं लुगडं काढू का?” त्या सासूला म्हणाल्या.

“काढ. आणि केसांत अबोलीचा वळेसर माळ. तीन वर्षांनी बाहेर पडतेय, लोकांना वाटायला नको की मला घरातून हाकलून दिली.”

जिना उतरणं हे मोठं काम होतं. खातूंच्या घराचा जिना म्हणजे लाकडी शिडीच, उभी आणि अरुंद. उचलून आणायला जागा नाही. मग आम्ही काकींना गोधडीवर बसवलं आणि एकेक पायरी बसून उतरवायचं ठरवलं. मेहरुन खाली, मी मागे, काखेतून हात घालून. पहिल्या पायरीला त्या “आई गं” म्हणाल्या. दुसरीला गप्प. तिसरीला त्यांना हसू फुटलं. चौथीला त्या इतक्या हसायला लागल्या की आम्हाला थांबावं लागलं.

“काय झालं काकी?”

“लहानपणी वाळूच्या ढिगावरून अशीच घसरायची मी. बापूस मारायचा,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “थांबू नका गो, थांबू नका, सोडा खाली!”

चौदा पायऱ्या उतरायला पंचवीस मिनिटं लागली. खाली मेहरुनच्या मामूची गाडी उभी होती. तिच्यावर आम्ही वेताची खुर्ची ठेवून काथ्याने आवळली, खुर्चीत उशा घातल्या, काकींना बसवलं आणि पोटाशी एक जुनं लुगडं बांधलं. गाडी पुसून घेतली होती तरी तिला भुशाचा आणि माशांचा वास येत होता. काकींनी खोल श्वास घेतला. “माझ्या खोलीत नुसता कापूर,” त्या म्हणाल्या. “हा वास बरा.”

ऊन होतं म्हणून नलिनीवहिनी छत्री घेऊन आल्या. मी आणि मेहरुन गाडी ढकलतोय, वर जांभळ्या लुगड्यात द्वारकाकाकी, आणि शेजारी काळी छत्री उंच धरून वहिनी पळतायत, अशी आमची वरात बाजारात शिरली.

कासवलीचा बाजार म्हणजे एकच गल्ली. लोक दुकानांतून बाहेर यायला लागले. न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला, त्याच्यामागे त्याचं गिऱ्हाईक अर्ध्या गालाला साबण लावलेलं. एका म्हाताऱ्याने आधी हात जोडले आणि मग बघतो तर देव बोलतोय.

“काय रे गणपत, जिवंत आहेस?”

“काकी! तुम्ही...”

“मी पण आहे. बघून घे.”

दर दहा पावलांवर गाडी थांबत होती. टीव्हीच्या नव्या दुकानात पाच टीव्ही एकाच वेळी चालू होते आणि पाचांतही एकच बाई बातम्या वाचत होती. ते काकींना बराच वेळ बघायचं होतं. “एकीलाच सगळीकडे कामाला लावलीय,” त्या म्हणाल्या. नव्या सुनांची माहेरं विचारून झाली. एका पोराला बघून त्याच्या आज्याचं नाक ओळखलं. मग सोड्याची गाडी लागली आणि काकींनी गोटीसोडा मागितला. गोटी आत पडल्याचा आवाज ऐकून त्यांनी टाळी वाजवली. एक बाटली संपली. दुसरी मागितली.

“काकी, दोन जड होतील,” मी म्हटलं.

“तीन वर्षं पावशेर पाणी पितेय मी, सुनेला उठवायला नको म्हणून. आज पिऊ दे.”

वहिनींची छत्री जराशी खाली आली. त्यांनी पुढे होऊन दुसरी बाटली स्वतः सासूच्या ओठाला लावली.

मी चालताना वेड्यासारखी हसत होते. मला आठवतंय, गाडीचं एक चाक करकरत होतं आणि त्या तालावर मेहरुन लग्नातलं कसलंतरी गाणं म्हणत होती. आमच्यामागे वीसेक माणसं झाली होती. आपली नोकरी तासाभरात जाणार आहे हे मला ठाऊक होतं आणि त्या क्षणी त्याचं काही म्हणजे काही वाटत नव्हतं.

बंदराकडे जाणारा रस्ता नगरपरिषदेवरून जातो. आम्ही मान खाली घालून तिथून पटकन पुढे जाणार होतो. नेमकं फाटकासमोर आल्यावर काकींनी माझा दंड धरला.

“यमे, मला लागली गो.”

“आत्ता?”

“मग काय उद्या? दोन बाटल्या प्यायलेय. थांबायला जमायचं नाही हो.”

दुसरा इलाज नव्हता. मी फाटकातून आत वळले. दोन शिपाई सभेच्या चहाची वाट बघत बसले होते, त्यांना हाताशी घेतलं आणि आठ दगडी पायऱ्या चढून आम्ही खुर्ची ओटीवर आणली. आत सभा चालू होती. आवाज येत होता. सभागृहाच्या शेजारीच मोरी. वेताची खुर्ची तिच्या दारातून जाईना, म्हणून ती ओटीवर ठेवली आणि काकींना ऑफिसातल्या एका लाकडी खुर्चीवर घेऊन आत नेलं. माझ्या पिशवीत पॉट असायचाच. बसवलं. दार लोटलं. वाट बघितली.

पाच मिनिटं झाली. काही नाही.

“परक्या जागी भीड पडत असेल,” मेहरुन कुजबुजली आणि तिने नळ थोडा सोडला.

काकी भिंतीला कान लावून बसल्या होत्या. भिंतीपलीकडून प्रभाकरशेठचा आवाज स्वच्छ येत होता. ते बोलायला उभे राहिले की खाली बाजारातही ऐकू जात असे.

“नाही झालं,” काकी म्हणाल्या. “राहू दे. मला तिकडे ने.”

“कुठे?”

“माझा मुलगा बोलतोय. आईने ऐकायला नको?”

मी मेहरुनकडे बघितलं. तिने खुर्चीची एक बाजू आधीच धरली होती.

सभागृहाचं मागचं दार उघडंच होतं. आत लांब टेबल, त्याभोवती सतरा मेंबर, मध्ये नगराध्यक्ष डॉक्टर शेट्ये. भिंतीशी बाकावर सिस्टर ब्रिजिदा मांडीवर अहवाल घेऊन बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला बघितलं आणि कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला.

प्रभाकरशेठची पाठ आमच्याकडे होती.

“अध्यक्षमहाराज, आपल्या गावात म्हाताऱ्या माणसांना घरची माणसं बघतात! ही आपली रीत आहे. परक्या बायका घरात शिरून आपल्या आईबापांना हात लावणार, ही पद्धत आपल्याला नको. दुसऱ्याचं कशाला, माझ्याच आईचं घ्या...”

“घ्या म्हणतोस तर घे की रे पभ्या,” काकी म्हणाल्या. “आलेय मी.”

कोपऱ्यातून कुणीतरी ‘पभ्या’ असं हळूच म्हणून बघितलं आणि सगळं टेबल हसायला लागलं. प्रभाकरशेठ वळले. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. रागावलेलं माणूस ओळखू येतं, घाबरलेलं ओळखू येतं. त्यांना मात्र नक्की काय व्हावं तेच कळत नव्हतं.

“आई? तू... माडीवरून...”

“उतरले. बसून बसून.”

“कुणी आणली हिला?” मग त्यांना आमच्या हिरव्या काठाच्या साड्या दिसल्या, आणि दारात छत्री मिटून उभी असलेली बायको दिसली. वहिनींनी मान खाली घातली नाही. मला त्याचंच जास्त नवल वाटलं.

“चार महिने या मुली येतायत,” काकी म्हणाल्या. “तेलाने नव्हे, यांनी पाठ बरी केली माझी. तू बोल, तुझं चालू दे. मी ऐकतेय.”

“आपण घरी जाऊ या आधी,” ते खालच्या आवाजात म्हणाले.

“चल. माझी वेताची खुर्ची बाहेर आहे, तीत बसव मला.”

शिपायांनी खुर्ची आत आणून ठेवली. प्रभाकरशेठ पुढे झाले. धिप्पाड माणूस, सागाचे ओंडके लोळवण्यात तरुणपण गेलेलं. त्यांनी आईच्या दोन्ही काखांत हात घातले आणि वर खेचलं. काकी कळवळून ओरडल्या. ती ओरड खरी होती. सगळ्यांचं हसू बंद झालं. शेठनी घाईघाईने पुन्हा पकड घेतली, तेव्हा मी ओरडले.

“शेठ, थांबा! हात काढा आधी!”

माझ्या तोंडून ते गेलं आणि मग मला कळलं की मी कुणाला म्हणाले. कोळंबीच्या शेडमधली मुलगी, भर सभेत, खातूशेठना. त्यांनी हात काढले. ते माझ्याकडे वळले, त्यांच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

“कसं मग?” त्यांनी विचारलं.

“वाका. गुडघ्यात वाका, कमरेत नको. तुमचा गुडघा त्यांच्या चांगल्या पायाच्या गुडघ्याला टेकवा. हां. आता त्यांना तुमच्याकडे झुकू द्या, डोकं तुमच्या खांद्यावर येऊ दे. हात पाठीमागे, कमरेशी. ओढायचं नाही. त्यांच्याबरोबर मागेपुढे डुला. एक... दोन... तीनला उठा.”

तीनला ते उठले आणि काकी त्यांच्याबरोबर उठल्या. एवढंसं ते अंग, त्यांच्या छातीशी आलेलं. आता अर्धा फेरा घेऊन खुर्चीत बसवायचं. पण शेठ फेरा घेईनात. ते आईला धरून नुसते उभे राहिले.

“शेठ, वळा,” मी म्हटलं.

“ही एवढीशीच आहे?” ते म्हणाले. मला नव्हे, कुणालाच नव्हे.

“रोज वर आला असतास तर कळलं असतं,” काकी त्यांच्या खांद्याआडून बोलल्या. “बसव आता. पाय थरथरतायत माझे. नाहीतर तुझे असतील.”

त्यांनी बसवलं, नीट, सावकाश. डॉक्टर शेट्यांनी घसा साफ केला. “दहा मिनिटं सभा तहकूब,” ते म्हणाले. “मग ठराव मतास टाकू.”

“चांगलं झालं,” काकी म्हणाल्या. “तेवढ्यात मला पायऱ्या उतरवून द्या. शिपाई नकोत, त्यांना चहा बघू दे. सदू, तू इकडून धर. माझ्या अंगणातले आवळे चोरायचास, आता जरा उपयोगी पड. हसन, तू मागून. तुझ्या आईचं बाळंतपण मी केलंय, माहीत आहे ना? आणि भाई, तू कुठे लपतोस? ये इकडे. चौथा माझा पभ्या.”

सदू बेर्डे, हसन सोलकर, भाई पाटणे. तिघेही पन्नाशीचे, मेंबर, गावातले वजनदार. काकींनी बोट दाखवताच शाळेतल्या पोरांसारखे पुढे आले. चौघांनी खुर्ची उचलली, पायऱ्या उतरवली आणि गाडीवर चढवली. मी काथ्या आवळला. मेहरुन पॉट आणि पिशवी आणायला मागेच राहिली.

“आता ठेवलंत तशी ढकला पण,” काकी म्हणाल्या. “बंदर इथेच तर आहे. तीन मिनिटांचा रस्ता.”

प्रभाकरशेठनी एकदा सभागृहाकडे वळून बघितलं. मग त्यांनी आईकडे बघितलं आणि गाडीच्या दांड्याला हात घातला. ते ढकलायला लागल्यावर बाकीच्या तिघांना सोडून जाता येईना. झाली वरात पुन्हा सुरू. या खेपेला मला काही करायचंच नव्हतं. मी आणि वहिनी छत्रीखाली मागून चालत होतो आणि एकमेकींकडे बघायचं टाळत होतो, कारण बघितलं की हसू आवरत नव्हतं.

नवा धक्का पाण्याकडे उतरता बांधलेला आहे. उताराच्या मध्यावर आल्यावर काकींनी हात वर केला.

“इथेच थांबवा. इथून छान दिसतं.”

समोर सगळी खाडी उन्हाने पेटली होती. होड्या, सुकत टाकलेली जाळी, पलीकडच्या डोंगरावर धुराची एक रेघ. काकी डोळ्यांवर हात धरून बघत राहिल्या. वारा त्यांच्या वळेसरातली फुलं सोडवत होता. चौघे मेंबर गाडी धरून उभे होते. सोडली असती तर ती सरळ पाण्यात गेली असती.

सदू बेर्ड्यांनी मान वळवून घड्याळ बघायचा प्रयत्न केला. “काकी, दहा मिनिटं होत आली. सभा आहे.”

“लाँच येऊ दे. ती लागली की निघू.”

“किती वाजता येते?”

“येईल की. भोंगा वाजतो त्या सुमाराला.”

बर्फवाले असल्या उतारावर चाकाखाली दगड लावतात. मी कोळ्याची पोर, लहानपणापासून बघत आलेय. दगड तिथे चार पडले होते, त्यातला एक तर माझ्या पायाशीच होता. मी त्याच्याकडे बघितलं, मग गाडी धरलेल्या चौघांकडे बघितलं, आणि दुपारी काकींसमोर मी बोटांवर मोजलेली नावं मला आठवली. चौघेही त्या नवांतले. काकी समुद्राकडेच बघत होत्या. मी हळूच साडीचा घोळ सारखा केला आणि त्या दगडावर पाय ठेवून उभी राहिले.

लाँच आली तेव्हा अर्धा तास होऊन गेला होता. तिने भोंगा दिला तसा काकींनी दोन्ही हात वर केले आणि लाँचवरच्या लोकांनीही हात हलवले, कोण आहे ते न कळता. शेठनी एका हाताने गाडी धरली होती, दुसरा आईच्या खांद्यावर होता. तो तिथे कधी गेला ते मी बघितलं नाही.

त्याच वेळी धक्क्याच्या टोकाशी मेहरुन दिसली. चपला हातात, पदर वाऱ्यावर, पळत येत होती आणि ओरडत होती.

“आठ-पाच! यमू, आठ-पाच!”

हसनभाईंनी आधी हिशेब केला. “म्हणजे आपण चौघे...” आणि ते थांबले.

“दहा मिनिटं म्हणाले होते,” मेहरुन धापा टाकत म्हणाली. “डॉक्टरसाहेबांनी घड्याळ टेबलावर ठेवलं. दहा झाली आणि मतं घेतली. योजना कायम!”

मी तिला मिठी मारली. आम्ही दोघी गोल गोल फिरलो, वहिनींची छत्री सुटून धक्क्यावरून घरंगळत गेली, ती एका खलाशाने पकडली. सगळं गरगरत होतं. खाडी, आभाळ, होड्या.

प्रभाकरशेठ आईच्या समोर आले. “आई, हे तू मुद्दाम केलंस.”

“मला काय समजतंय रे सभेतलं?” काकी म्हणाल्या. “मी बंदर बघायला आले.”

परत जाताना त्यांनी मला वाकायला लावलं आणि कानात म्हणाल्या, “मला मघाशी लागलीच नव्हती.”

मागच्या वर्षी घरसेवेची स्मरणिका छापली. आता आम्ही सत्तेचाळीस जणी आहोत, दोन गाड्या आहेत, मी पुढच्या जूनमध्ये निवृत्त होतेय. स्मरणिकेत लिहिलंय, ‘योजना चालू ठेवण्याचा ठराव बहुमताने संमत झाला.’ ते खरंच आहे. त्यात खोटं काही नाही.

मला मात्र त्या ठरावापेक्षा दुसरा दिवस जास्त आठवतो. काकींचे केस धुवायचा वार होता. मी माडीवर गेले तर प्रभाकरशेठ तिथे होते, वखारीत गेलेच नव्हते. धोतर वर खोचलेलं, बाह्या सारलेल्या, हातात तांब्या. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. त्यांनी बादली पलंगाजवळ सरकवली. मी काकींना पलंगाच्या कडेला आणलं, मानेखाली उशी आणि मेणकापड घातलं, केस खालच्या बादलीत सोडले. शेठनी पाणी कोपराने तपासलं. मी करते तसं, न सांगता.

“पाणी कपाळाकडून घालायचं की मानेकडून?” त्यांनी मला विचारलं.

“मला काय विचारता?” मी म्हटलं. “त्यांना विचारा.”

ते तांब्या भरून घेऊन पुढे आले. मग आईच्या चेहऱ्यावर वाकले.

“आई, कुठून घालू?”

काकींनी डोळे मिटले.

“थांब,” त्या म्हणाल्या. “तीन वर्षांत पहिल्यांदा विचारतोयस. जरा विचार करू दे.”